एकच माणूस जिंकतो, तर पाहायचं कशाला?

(सायकलीबद्दल वाचकांनी विचारायचं आणि आमच्या सायकलवाल्या काकांनी सांगायचं, असं हे पान. ऑक्टोबरात इटलीतली ‘इल लोम्बार्दिया’ झाली आणि पत्रांचा ढीग पडला. म्हणून या अंकात फक्त तीच.)

प्रश्न : मी साताऱ्याचा, वय ६१, बँकेतून निवृत्त. भाच्यानं सायकल शर्यती बघायचा नाद लावला. यंदा, ११ ऑक्टोबर २०२५ ला, लोम्बार्दिया पाहिली. स्लोव्हेनियाचा पोगाचार पुढे निघून गेला तेव्हा अजून ३६ किलोमीटर बाकी होते, आणि तिथंच शर्यत संपली हे मलासुद्धा कळलं. भाचा म्हणाला, “मामा, बंद करू?” मी नको म्हटलं. शेवटपर्यंत बघितली आणि नंतर उगाचच घशाशी दाटून आलं. टूर द फ्रान्स संपली तेव्हा असलं काही झालं नव्हतं. निकाल आधीच ठरलेल्या शर्यतीचं एवढं काय वाटून घ्यायचं? की माझंच वय झालं?

उत्तर : वयाचं म्हणाल तर मी ५४ वर्षांचा आहे आणि मलाही होतं. तेव्हा तो संशय सोडून द्या.

निकाल ठरलेला होता हे खरं. पण अनंत चतुर्दशीला गणपती जाणार हे पहिल्या दिवसापासून ठरलेलंच असतं की. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी रिकामं मखर बघून बरं वाटतं का? लोम्बार्दियाचं तसं आहे. जानेवारीत ऑस्ट्रेलियात, ॲडलेडच्या उन्हात यांचा हंगाम सुरू होतो. मार्चमध्ये मिलान-सान रेमो, एप्रिलमध्ये फ्लँडर्स, रूबे, लिएज, मग जिरो, टूर, वुएल्टा या तीन-तीन आठवड्यांच्या. जुन्या एकदिवसीय शर्यतींतल्या ज्या पाचांना ‘मॉन्युमेंट’ म्हणतात, त्यातली ही शेवटची. हिच्यानंतरही काही किरकोळ शर्यती होतात, पण त्या म्हणजे मांडव उतरवताना वाजणारा बँड.

इटलीत हिला पानगळीची शर्यत म्हणतात. पहिली झाली १२ नोव्हेंबर १९०५ ला, म्हणजे तेव्हा खरोखरच झाडं उघडी पडलेली असणार. हल्ली ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास होते, पानं नुसती पिवळी व्हायला लागलेली असतात. नाव मात्र चिकटलंय.

आणि या शर्यतीत कोणीतरी कायमचा निघालेला असतो. २०२२ मध्ये निबाली आणि वाल्वेर्दे एकाच दिवशी थांबले. २०२३ मध्ये पिनो. यंदा रफाल मायका. वर्षानुवर्षं दुसऱ्यांसाठी वारा अंगावर घेऊन घाटात पुढे ओढणारा हा पोलिश माणूस, अखेरच्या दिवशीही पोगाचारसाठीच राबत होता. जे थांबत नाहीत ते संघ बदलतात. यंदा दुसरा आलेला एव्हेनपूल पुढच्या वर्षी दुसऱ्याच रंगाच्या जर्सीत दिसणार. वर्षभर दुरून हेल्मेट बघून माणूस ओळखायची सवय झालेली असते, ती जानेवारीत परत पहिल्यापासून करायची. तुमच्या घशाशी आलं ते यातलंच काहीतरी असणार. पोगाचार पहिला आला की चौथा, याचा त्याच्याशी संबंध नाही.

पण तुमच्या भाच्याचीही बाजू घेतो, कारण मी त्याच्याहून वाईट वागलोय. गेल्या वर्षी लोम्बार्दिया नेमकी दसऱ्याला आली, १२ ऑक्टोबर २०२४. घरात सोनं द्यायला येणाऱ्यांची रीघ, बायको श्रीखंडाच्या वाट्या भरतेय आणि मी कोपऱ्यात लॅपटॉप घेऊन बसलेला. सोर्मानोच्या घाटात पोगाचारनं मुसंडी मारली. अठ्ठेचाळीस किलोमीटर बाकी. शेजारचे काका आपट्याची पानं हातात घेऊन माझ्या मागे येऊन उभे राहिले.

“कोण पुढे?”

“तोच.”

“कालपण तोच होता ना?”

“काल नाही, मागच्या वर्षी. आणि त्याच्या मागच्या वर्षी. आणि त्याच्याही.”

“मग बंद कर आणि श्रीखंड खा.”

मी बंद केला, श्रीखंड खाल्लं. रात्री निकाल बघितला तर दुसऱ्यापेक्षा ३ मिनिटं १६ सेकंद आधी. म्हटलं, बरं झालं, काही चुकलं नाही. दोन दिवसांनी रेकॉर्डिंग लावलं आणि चुटपुट लागली ती मागच्यांसाठी. दुसऱ्या-तिसऱ्या जागेसाठी माणसं अशी झुंजत होती की जणू पुढे कोणी गेलेलाच नाही. चिक्कोने तिसरा आला. निबालीनं २०१७ मध्ये जिंकली त्यानंतर एकाही इटालियन माणसाला ही शर्यत मिळालेली नाही, त्यामुळे कोमोच्या रस्त्यावर तिसऱ्या नंबरासाठी जो गलका झाला, तो पहिल्यासाठी झाला नसेल.

कंटाळा येतो हे मी नाकारत नाही. २०२१ पासून सलग पाच वेळा एकच माणूस, यात कंटाळा न येणारा चाहता एक तर स्लोव्हेनियाचा असतो किंवा खोटं बोलतो. मी आता पोगाचार निघून गेला की त्याला मनातल्या मनात नारळ देतो आणि उरलेल्यांची शर्यत नव्यानं सुरू झाली असं धरतो. भाच्याला सांगून बघा.

प्रश्न : एवढं सलग जिंकणं शक्य तरी आहे का? सगळी औषधं घेतलेली असतात. तुमच्यासारखे लोक भाबडे. (एक वाचक, अहिल्यानगर)

उत्तर : भाबडा असेन, पण मला विसराळू म्हणू नका. १९७३ ची लोम्बार्दिया रस्त्यावर जिंकली बेल्जियमच्या एडी मेर्क्सनं आणि वहीत नाव लागलं फेलीचे जिमोंदीचं, कारण मेर्क्स चाचणीत अडकला. त्यानंतरच्या तीस-चाळीस वर्षांत या खेळानं जे दाखवलं, ते बघून कोणालाही संशय येईल. मलाही येतो. पण पोगाचार कुठल्याही चाचणीत अडकलेला नाही, आणि जो अडकला नाही त्याला केवळ जोरात चालवतो म्हणून चोर म्हणणं मला जमत नाही. उद्या अडकला तर याच पानावर येऊन पाच शर्यती वाया गेल्याची बोंब मी स्वतः ठोकेन.

प्रश्न : जुन्या जमान्यातल्या इटालियन कोप्पीच्याही पाच लोम्बार्दिया, पोगाचारच्याही पाच. मोठा कोण? आमच्या कट्ट्यावर यावरून हमरीतुमरी झाली. (एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे)

उत्तर : सदाशिव पेठेतल्या कट्ट्यावर हमरीतुमरी झाली नसती तर बातमी होती.

तुलना करणार नाही. कोप्पीच्या १९४६ ते ४९ या ओळीनं चार आणि पाचवी १९५४ ची. पोगाचारच्या पाचही ओळीनं, त्यातल्या शेवटच्या दोन अंगात विश्वविजेत्याची इंद्रधनुषी जर्सी असताना. आकडे तुमच्याकडेही असतील. तुमच्या कट्ट्याला मी कोप्पीच्या सहाव्या लोम्बार्दियाची गोष्ट देतो, जी त्याला मिळाली नाही.

साल १९५६. कोप्पी ३७ वर्षांचा. उतरणीला लागलेला, आणि त्यापेक्षा जास्त म्हणजे बदनाम. स्वतःचं लग्न झालेलं, जूलिया ओक्कीनी नावाच्या एका डॉक्टरच्या बायकोबरोबर राहू लागला. इटलीत तेव्हा व्यभिचार हा तुरुंगात जायचा गुन्हा होता, आणि ती बाई खरोखर काही दिवस तुरुंगात जाऊन आली. वर्तमानपत्रांनी तिचं नाव ‘पांढऱ्या कपड्यातली बाई’ असं पाडून ठेवलेलं. अर्धा देश तिला शिव्या घालत होता.

तर त्या वर्षी गिझाल्लोच्या घाटात कोप्पी निसटला. रोंकीनी नावाचा तरुण मुलगा सोबत. मागे राहिलेल्यांमध्ये फिओरेन्झो मान्यी. हा मान्यी म्हणजे कसला माणूस? त्याच वर्षीच्या जिरोत त्याचं गळपट्टीचं हाड मोडलं. मोडलेल्या हातानं हँडल ओढता येईना, तर सायकलची ट्यूब हँडलला बांधली, दुसरं टोक दातांत धरलं, आणि तसे डोंगर चढून एकूणात दुसरा आला. अशा माणसाच्या शेजारून एक मोटार गेली. मोटारीत ओक्कीनी. तिनं जाता जाता मान्यीकडे बघून काहीतरी हातवारे केले, खिजवलं. संपलास तू, कोप्पी गेला पुढे, अशा अर्थाचं.

बाईंनी गप्प बसायला हवं होतं. मान्यीचं डोकं फिरलं. जिंकायचं वगैरे तो विसरला, त्याला फक्त कोप्पीला पकडायचं होतं. दात-ओठ खात त्यानं मागचा अख्खा जथा ओढत आणला आणि मिलान जवळ येता येता कोप्पीला गाठलं. शर्यत संपायची त्या विगोरेल्ली वेलोड्रोमवर, म्हणजे सायकलींच्या मैदानात, सगळे एकत्र शिरले. तरीही शेवटच्या धावेत कोप्पीच पुढे होता. अगदी रेषेपाशी आंद्रे दारिगाद या फ्रेंच माणसानं त्याला अर्ध्या चाकानं मागे टाकलं. कोप्पी दुसरा, मान्यी तिसरा. कोप्पी सगळ्यांसमोर रडला. पुन्हा त्याला कुठली मोठी शर्यत मिळाली नाही आणि जानेवारी १९६० मध्ये मलेरियानं तो गेलाच.

नोकरीनिमित्त मी इटलीत बर्गामोला राहायचो, तिथं माझ्या खोलीखालच्या बारमध्ये एक म्हातारे गृहस्थ यायचे. माझी इटालियन कामचलाऊ, त्यांची बोली बर्गामोची, जी मिलानच्या माणसालाही नीट कळत नाही. तरीही ही गोष्ट त्यांनी मला तीनदा सांगितली आणि तिन्ही वेळा त्या बाईचे हातवारे निराळे होते. शेवटी मात्र दर वेळी तेच, दारिगाद हे नाव घेऊन थुंकल्यासारखं करायचे. मान्यीवर राग नाही, बाईवरही नाही. राग फक्त जिंकला त्याच्यावर. चाहत्यांचा हिशेब असा असतो. पोगाचारवर चिडणाऱ्यांनाही मी याच खात्यात धरतो.

प्रश्न : मी ठाण्याची. घरात एकही सायकल नाही, पण नवरा या शर्यती लावून बसतो. मध्येच एका छोट्याशा देवळाची घंटा जोरजोरात वाजत होती आणि नवऱ्यानं चक्क हात जोडले. हा एरवी गणपतीलाही घाईत नमस्कार करतो. काय आहे तिथं?

उत्तर : ताई, त्यांना हात जोडू द्या. ते गिझाल्लोची माता, माडोन्ना देल गिझाल्लो. कोमो सरोवराला मधोमध टोक आहे, तिथं बेल्लाजो गाव, आणि गावाच्या मागून चढत जाणारा घाट. पायथ्यापासून माथ्यापर्यंत साधारण सिंहगडाच्या घाटाएवढी लांबी, पण चढ मध्येच सपाट होऊन तुम्हाला फसवतो. माथा ७५४ मीटरवर, आणि माथ्यावरच ते चॅपेल. पूर्वी वाटसरू तिथं थांबायचे, मग सायकलवाले थांबू लागले. त्या चॅपेलच्या पाद्रीबुवांनी खटपट केली आणि १९४९ मध्ये पोप पायस बारावे यांनी या मातेला सायकलस्वारांची अधिकृत रक्षणकर्ती म्हणून मान्यता दिली. शर्यत वरून जाते तेव्हा घंटा वाजवतात.

आपल्या बोरघाटातला शिंग्रोबा आठवा. इंग्रजांना घाटाची वाट दाखवली म्हणतात तो धनगर. गाडीवाले अजूनही खिडकीतून नाणं टाकून पुढे जातात. देवापेक्षा तो घाटातला आपला माणूस असतो. गिझाल्लोचं तसंच.

मी एका सोमवारी गेलो होतो, कारखान्याला सुट्टी होती. मी ब्रेकमधला माणूस, चाकणहून कंपनीनं बर्गामोला पाठवलेला, २०२२ ते २०२४ च्या उन्हाळ्यापर्यंत. भाड्याची सायकल घेऊन बेल्लाजोहून चढलो. दोनदा उतरून ढकलली हे बायकोला अजून सांगितलेलं नाही, आता वाचेल. वर आलो तर बाहेर कोप्पी, बार्ताली आणि बिंदा यांचे अर्धपुतळे, तिघांचंही नाक थंडीनं लाल झाल्यासारखं मला वाटलं, पण ते माझं झालेलं असणार. आत शिरलो. खोली एवढीशी, आपल्या दिवाणखान्यापेक्षा फार मोठी नाही. आणि भिंतीवर चुना दिसत नाही इतक्या जर्सी आणि सायकली. देवीच्या देवळात साड्या आणि पाळणे टांगलेले असतात ना, तसं. कोप्पीची सायकल, बार्तालीची, मेर्क्सची. जुन्या सायकलींच्या हँडलला गुंडाळलेली कापडी पट्टी घामानं काळी पडून कडक झालेली. हात लावायला मनाई आहे. माझा लागला.

मग एक सायकल दिसते तिची फ्रेम वाकलेली आहे. बाकी सगळ्या पुसूनपासून ठेवलेल्या आणि ही एकटी मोडकी. फाबिओ कासार्तेल्लीची. हा मुलगा इथलाच, कोमोचा. १९९२ ला बार्सिलोना ऑलिम्पिकमध्ये सुवर्णपदक. १९९५ च्या टूर द फ्रान्समध्ये पिरेनीज पर्वतातल्या एका उतारावर पडला, डोकं आपटलं, गेला. वय २४. तेव्हा हेल्मेटची सक्ती नव्हती. ती सायकल घरच्या मातेकडे आणून ठेवली आहे.

मी ब्रेकवाला आहे. वाकलेली सायकल बघितली की माझा हात आधी ब्रेकच्या तारेकडे जातो, सवय. तिथं मी तार बघितली नाही, बाहेर आलो आणि सरोवराकडे तोंड करून पार्ले-जी खाल्लं. ते मी भारतातून पोत्यानं नेलं होतं.

शेजारी सायकलचं संग्रहालय आहे, २००६ मध्ये उघडलं. ते व्हावं म्हणून म्हातारपणी धडपडणारा माणूस कोण? मान्यी. वर सदाशिव पेठेला उत्तर दिलंय, तोच.

प्रश्न : मी स्टुटगार्टला नोकरीला. पुढच्या ऑक्टोबरात मित्रांबरोबर गाडीनं जाऊन लोम्बार्दिया रस्त्यावरून बघायची आहे. कुठं उभं राहावं? काय न्यावं?

उत्तर : आधी शर्यत कुठून कुठं आहे ते बघा. हल्ली बहुतेक एक वर्ष बर्गामोहून कोमो, एक वर्ष कोमोहून बर्गामो, अशी आलटून-पालटून असते. शेवटच्या रेषेपाशी उभं राहू नका, तिथं माणूस दोन सेकंद दिसतो आणि पुढे फक्त लोकांच्या पाठी. घाटात उभं राहा. घाटात सायकलवाला हळू जातो, त्याचा श्वास ऐकू येतो, साखळीचा आवाज येतो. रस्ता दुपारआधीच बंद करतात, त्यामुळे गाडी खाली ठेवून चालत वर जायचं. गरम कपडे न्या. सरोवराच्या बाजूला ऊन असतं म्हणून फसू नका, सूर्य डोंगराआड गेला की दहा मिनिटांत दात वाजतात. खायला न्यायची गरज नाही. शेगडीवर भाजलेले चेस्टनट मिळतात, आणि पोलेंता नावाचा प्रकार, जो मक्याच्या पिठाचं घोटलेलं पिठलंच आहे, फक्त त्यात मिरची नाही. मिरची खिशात ठेवा.

एक सावधगिरी. तुम्हाला जे बघायचंय ते दिसेलच असं नाही. २०२३ मध्ये शर्यत बर्गामोला संपत होती, ७ ऑक्टोबरला. माझ्या खोलीपासून चालत पंधरा मिनिटं. बर्गामोचं जुनं गाव टेकडीवर, तटबंदीच्या आत आहे, आणि शर्यतीचा शेवटचा चढ त्या वेशीतून, दगडी फरशीवरून जातो. लांबीला किलोमीटरभरच, पण अंगात २३० किलोमीटर असताना तो भिंतीसारखा लागतो. मी सकाळीच जाऊन जागा धरली. तिबो पिनोची ती शेवटची शर्यत. त्यानं २०१८ मध्ये ही जिंकली होती, पण फ्रेंच माणसं त्याच्यावर जीव टाकत ते जिंकण्यासाठी नव्हे. टूर द फ्रान्समध्ये दर वेळी त्याचं काहीतरी बिनसायचं, २०१९ ला तर जिंकायच्या बेतात असताना मांडीचा स्नायू फाटून रडत रडत बाहेर पडला. गावाकडे शेळ्या-गायी पाळतो. असा माणूस कोणाला आपला वाटणार नाही?

फ्रान्सहून त्याचे चाहते बसगाड्या भरभरून आले होते. गाणी, ढोल, त्याच्या नावाचे फलक. दुपारी बारापासून बिअर. मी त्यांच्यातल्या एकाकडून पिनोची टोपी घेतली, आठ युरो. संध्याकाळी आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, पितृपंधरवड्यात नवीन वस्तू घेतलीस? म्हटलं, आई, कोणीतरी निरोपच घेत होता.

पोगाचार आला, एकटाच. टाळ्या पडल्या, भरपूर. मग बाकीचे आले, बाग्योली आणि रोग्लिच आणि ते. बाग्योली लोम्बार्दीतलाच, त्याला गावानं डोक्यावर घेतलं. आणि मग खालून आरडाओरडा उठला, पिनो येतोय. कोणीतरी मशाली पेटवल्या. लाल धूर. माझ्यापुढचा सहा फुटी माणूस मुलाला खांद्यावर घेऊन उभा राहिला. मला पिनो दिसलाच नाही. धूर दिसला, त्या मुलाचे बूट दिसले. बुटांना चिखल लागलेला होता, तो माझ्या नव्या टोपीवर पडला. दोन वर्षांनी आजही तो डाग आहे, बायकोनं दोनदा धुतली तरी.

धूर गेला तेव्हा तो सहा फुटी माणूस रडत होता. मुलगा वरून विचारत होता काहीतरी, बापाला उत्तर देता येत नव्हतं.

तेव्हा उंच माणसाच्या मागे उभे राहू नका. एवढाच सल्ला.

प्रश्न : काका, मी कोल्हापूरची, अकरावीत आहे. रविवारी पन्हाळ्यापर्यंत सायकल चालवते. दोन प्रश्न. एक, मुलींची लोम्बार्दिया का नसते? दोन, चढावर सगळ्यात हलका गिअर टाकला की माझी चेन आत, तारांच्या बाजूला पडते. दुकानदार म्हणतो नवीन सायकल घे.

उत्तर : पहिल्या प्रश्नाला माझ्याकडे धड उत्तर नाही, कारण कारण म्हणावं असं काही नाहीच. त्या पाच मॉन्युमेंटपैकी बाकी चौघींची मुलींची शर्यत आता होते. फ्लँडर्सची २००४ पासून, लिएजची २०१७ पासून, रूबेची २०२१ पासून, आणि सान रेमोची यंदा, २०२५ मध्ये, मधल्या खंडानंतर परत आली. एकटी लोम्बार्दिया राहिली आहे. आणि गंमत बघ, याच शर्यतीत शंभर वर्षांपूर्वी एक बाई पुरुषांबरोबर धावून गेली आहे. आल्फोन्सिना स्ट्राडा. १९१७, पहिलं महायुद्ध चालू होतं, अर्धे सायकलपटू आघाडीवर. नियमात बाईनं येऊ नये असं कुठं लिहिलेलं नव्हतं, तिनं नाव दिलं. जिंकणाऱ्याच्या दीड तास मागे राहिली, पण पोचली. कितीतरी पुरुष पोचले नाहीत. पुढच्या वर्षी परत आली आणि परत पोचली. १९२४ मध्ये तर अख्खी जिरो धावली.

माझ्या घाटातल्या फेरीत मी दोनदा सायकल ढकलली हे वर कबूल केलंय. तिच्या काळी गिअरही असे नव्हते आणि रस्त्यावर डांबरही नव्हतं.

आता चेन. नवीन सायकल घेऊ नकोस. मागच्या डिरेलरवर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या भागावर, शेजारी शेजारी दोन बारीक स्क्रू असतात, त्यातल्या एकावर इंग्रजी ‘एल’ कोरलेला असेल. तो डिरेलरला आत किती जाऊ द्यायचं ते ठरवतो. सायकल उलटी कर, सगळ्यात मोठ्या चकतीवर चेन आण, हातानं पेडल फिरवत तो स्क्रू पाव पाव फेरा आवळत जा. चेन चकतीवर नीट बसते पण पलीकडे उडी मारत नाही, तिथं थांब. जास्त आवळलास तर मोठ्या चकतीवर चढणारच नाही, मग अर्धा पाव मागे. हे करूनही पडली, तर सायकल कधी उजव्या अंगावर आपटली होती का ते आठव. तसं असेल तर डिरेलर ज्याला लटकतो ती छोटी पट्टी वाकली असणार. ती पट्टी वेगळी मिळते, काही शे रुपयांत. तुझ्या सायकलीच्या मॉडेलचं नाव सांगून माग, प्रत्येकीची वेगळी असते. जुनी पट्टी बरोबर घेऊन जा, नाहीतर दुकानदार भलतीच देईल.